मातीत कोण राहणार हे पीक ठरवतं: गॅलरी, गच्ची आणि सोसायटीच्या बागेसाठी

लाल मातीची एकच गोणी तीन कुंड्यांत सारखी वाटून भरा. एकीत चवळी लावा, दुसरीत झेंडू, तिसरीत लाल माठ. दोन-अडीच महिन्यांनी तिन्ही पिकं काढलीत की हाती उरते ती माती एकसारखी राहिलेली नसते. खत तेच, पाणी तेच, गॅलरीही तीच. तरी पुढचा टोमॅटो कोणत्या कुंडीत जोमाने वाढणार आणि कोणत्या कुंडीत रडतखडत, हे आधीच्या पिकाने बरंचसं ठरवून टाकलेलं असतं.

याचं कारण मुळांत आहे. पानांनी तयार केलेल्या साखरेचा चांगला वाटा मुळांतून मातीत झिरपतो. सोबत सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं आणि त्या त्या वनस्पतीची खास रसायनंही उतरतात. मुळाभोवतीच्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या थरात जिवाणूंची गर्दी बाकीच्या मातीपेक्षा कितीतरी पट जास्त असते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेंझ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये या थराला ऱ्हायझोस्फिअर हे नाव दिलं. प्रत्येक वनस्पतीचा झिरपा वेगळा, म्हणून त्यावर जगायला येणारी मंडळीही वेगळी.

मुंबईत मात्र झाड गेलं की माती फेकायची आणि नर्सरीतून नवी गोणी आणायची, अशी सवय आहे. नाहीतर जिवाणूंची बाटली आणून ओतायची. बाटलीचे नव्याचे नऊ दिवस असतात. त्या जिवाणूंना खायला घालणारं योग्य मूळ कुंडीत नसेल तर ते फार काळ टिकत नाहीत. त्यापेक्षा मधलं एखादं पीक नीट निवडणं स्वस्त पडतं आणि खात्रीचंही असतं.

आधी मुळं वाचा

पीक संपलं की रोप खेचून काढू नका. बारीक मुळं तुटून मातीतच राहतात आणि पाहायचं नेमकं तेच असतं. कुंडी आडवी करून पूर्ण ढेकूळ बाहेर घ्या, बादलीभर पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवा आणि हलक्या हाताने हलवत माती सुटू द्या.

मुळांवर गोळे दिसले तर ते दोन तऱ्हेचे असू शकतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. चवळी, मूग, मेथी यांच्या मुळांवरच्या नायट्रोजन बांधणाऱ्या गाठी मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि नखाने सहज सुटतात. त्यातली एक मधोमध कापा. आतून गुलाबी किंवा लालसर निघाली तर ती कामावर आहे. तो रंग गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. पांढरी असेल तर ती अजून सुरू झालेली नाही किंवा निकामी आहे, हिरवट-तपकिरी असेल तर तिचं काम संपलं आहे. दुसऱ्या तऱ्हेत मूळच जागोजागी सुजलेलं असतं आणि सूज नखाने निघत नाही. ही सूत्रकृमींची, म्हणजे मातीतल्या अतिसूक्ष्म कृमींची, करणी. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दुधी हे त्यांचे आवडते यजमान. तुळसही त्यांना बळी पडते. त्यामुळे वृंदावनात एकामागून एक तुळशी वाळत असतील तर पाणी-उन्हाचा दोष शोधण्याआधी वाळलेल्या रोपाची मुळं धुऊन बघा. चवळीच्या एकाच मुळावर दोन्ही प्रकार सापडू शकतात, म्हणून एकच गोळा बघून निकाल देऊ नका.

वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या बाबतीत आणखी एक परीक्षा. झाड हिरवंगार असतानाच दुपारी मान टाकतं आणि दोन-चार दिवसांत जातं, हे कोकणपट्टीच्या दमट, आंबट मातीत नेहमीचं. बुडाजवळचा दोन-तीन इंचांचा खोडाचा तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात त्याचं एक टोक जेमतेम बुडेल असा हलू न देता धरा किंवा टांगा. पाच मिनिटांत त्या टोकातून दुधी धागा सरळ खाली उतरू लागला तर ती जिवाणूजन्य मर. ही माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, खुरपं धुऊन वाळवा आणि त्या कुंडीत पुढची दोन-तीन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांपैकी काहीच लावू नका. तिथे मका, ज्वारी, नाचणी अशी गवताच्या कुळातली पिकं घ्या. या जिवाणूला त्यांच्या मुळांवर फारसं काही साधत नाही.

कोणतं पीक कोणाला बोलावतं

*शेंगवर्गीय.* चवळी, मूग, उडीद, तूर आणि भुईमूग यांचे गाठीचे जिवाणू साधारण एकाच गटातले. मेथीचे वेगळे, हरभऱ्याचे त्याहून वेगळे. मूळ आपल्या झिरप्यातून फ्लॅवोनॉइड नावाची रसायनं सोडतं, ती खूण ओळखणारा जिवाणूच प्रतिसाद देतो आणि मग गाठ धरते. म्हणून चवळीच्या कुंडीतली माती मेथीच्या उपयोगाची नाही. नवी लाल माती खोलवरून खणलेली असते आणि कोकोपीटमध्ये हे जिवाणू जवळपास नसतातच. त्यामुळे पहिल्या खेपेला गाठी न दिसणं साहजिक आहे. उपाय दोन. ज्या कुंडीत त्याच पिकाला गाठी आल्या होत्या तिथली मूठभर माती नव्या मातीत मिसळा. किंवा कृषी सेवा केंद्रातून त्या पिकाचं रायझोबियम (गाठी करणारे जिवाणू) पाकीट आणा. शेतासाठी २५० ग्रॅम पाकिटाला १० किलो बियाणं असं प्रमाण असतं, कुंडीसाठी चिमूटभर पुरे. गुळाच्या पाण्यात ते कालवून बी चोळा, सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा. उन्हात वाळवलं तर मेहनत फुकट.

गाठी येऊनही माती सुधारली नाही, अशी तक्रार बऱ्याचदा असते. त्याचं कारण ताटात असतं. गाठींतला बहुतेक नायट्रोजन दाण्यांत जातो. सगळ्या शेंगा तोडून खाल्ल्या तर मातीच्या पदरी फार कमी पडतं. मातीसाठीच लावायचं असेल तर पहिली फुलं दिसताच रोप जमिनीलगत कापा, मुळं आतच राहू द्या आणि पाला वर अंथरा. युरिया किंवा भरमसाट गांडूळखत घातलेल्या मातीत तर गाठी धरतच नाहीत. आयता नायट्रोजन मिळत असताना झाड पाहुण्यांना साखर कशाला चारेल?

(चौपाटीच्या बाजूची समुद्र मेथी, तीच वाळूत उगवलेली चिमुकली जुडी, गाठी बघायला निरुपयोगी. कोवळ्या वयातच ती उपटतात. मेथीला गाठी दिसायला साधारण तीन आठवडे द्यावे लागतात.)

*मायकोरायझाचे यजमान आणि अ-यजमान.* जमिनीवरच्या वनस्पतींपैकी ७० टक्क्यांहून जास्त प्रजातींच्या मुळांत मायकोरायझा बुरशी राहते. मुळांना स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की ती स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतात. त्यांचा सुगावा लागला की बुरशीचे धागे फांद्या फोडत मुळाकडे येतात आणि मूळ पोहोचत नाही तिथून स्फुरद आणून देतात. लाल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे तिथे या बुरशीची गरज जास्तच. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. कोकोपीटवर किंवा अर्धवट कुजलेल्या कंपोस्टवर पांढरं जाळं दिसलं की लोक खूश होतात, पण ते कुजवणाऱ्या बुरशीचं असतं. मायकोरायझा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

काही पिकं हिला घरातच घेत नाहीत: मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, आणि दुसऱ्या कुळातली पालक, बीट, चाकवत, माठ, राजगिरा. गॅलरीतल्या भाज्यांची यादी आठवा. माठ, मग पालक, मग मुळा, पुन्हा माठ. वर्षभर हेच चक्र चाललं की बुरशीचे बीजाणू घटत जातात आणि त्यानंतर लावलेली मिरची खत घालूनही खुरटते. पालेभाज्या सोडू नका, पण लागोपाठ दोन अ-यजमान पिकं टाळा. मध्ये चवळी, मका, भेंडी, झेंडू, काहीही यजमान येऊ द्या. आणि बोनमील, कोंबडीखत, सुपरफॉस्फेट हात सैल सोडून घालू नका. स्फुरद भरपूर असेल तर झाड स्वतःच बुरशीला दार लावतं. सगळं धरून कंपोस्ट एकूण मातीच्या पावपटीपेक्षा जास्त नको.

*झेंडू.* याच्या मुळांत अल्फा-टरथिएनिल हे सूत्रकृमींना मारक रसायन असतं. आत शिरलेली सूत्रकृमी तिथे वाढू शकत नाही. पण टोमॅटोच्या शेजारी एक झेंडू लावून काही होत नाही, कारण परिणाम मुळापासून फार दूर जात नाही. अख्खी कुंडी किंवा अख्खा वाफा झेंडूनेच भरा: रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर, १२ इंची कुंडीत तीन रोपं, किमान दोन महिने, तीन झाले तर उत्तम. बुटका फ्रेंच झेंडू यासाठी उंच झेंडूपेक्षा जास्त भरवशाचा. दसऱ्याच्या तोरणातली वाळलेली फुलं चुरडून पेरली तरी रोपं येतात, फक्त कोणत्या जातीची येतील त्याचा नेम नाही. मधे उगवलेला तण, विशेषतः रानमाठ, लगेच उपटा. सूत्रकृमी त्याच्यावर सुखाने दिवस काढतात. निर्माल्यातला झेंडू कुंडीत पुरल्याने खत होईल, हा परिणाम मिळणार नाही. शेवटी रोपं कापा आणि मुळं तिथेच मातीत चिरून मिसळा. एक-दोन पिकांपुरता आराम मिळतो, कायमचा नाही.

*गवतं.* मका, ज्वारी, नाचणी, गवती चहा, वाळा. यांची दाट तंतुमुळं आणि बुरशीचे धागे मिळून मातीची भुसभुशीत रवाळ रचना बांधतात, त्या पोकळ्यांत स्प्रिंगटेल आणि माइट हे मातीतले चिमुकले जीव राहतात. भिंतीसारखी घट्ट झालेली लाल माती कोकोपीट घालून सुधारण्यापेक्षा एक हंगाम ज्वारी घ्या. ताग शेंगवर्गीय असूनही याच कामाचा, शिवाय गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही तो रोखतो. वाफ्यात चौरस मीटरला ८ ते १० ग्रॅम बी फेका, कळ्या दिसताच, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांत कापा. मातीत मिसळलात तर पुढच्या लागवडीआधी दोन-तीन आठवडे थांबा. हिरवा पाला कुजत असताना रोपं कुजवणारी बुरशीही फोफावते.

मोहरीचा हिरवा पाला चिरून मातीत गाडायची युक्तीही चालते. त्यातून निघणारी तिखट वायुरूप द्रव्यं रोगाला मारतात, पण चांगल्या जीवांनाही सोडत नाहीत. कुंडीसाठी आम्ही ती सुचवणार नाही.

मायकोरायझाची आईकुंडी

बाजारातल्या पुड्यांऐवजी ही करा. नोव्हेंबरात सुरू करा, कारण शेवटी माती कडक वाळवावी लागते आणि पावसाळ्यात मुंबईत काही वाळत नाही. १२ इंची कुंडीत निम्मी लाल माती, निम्मी धुतलेली जाड वाळू. समुद्राची नको, तिच्यात मीठ असतं. कंपोस्ट अजिबात नको. त्यात जुन्या हराळीच्या किंवा गवती चहाच्या बुंध्याखालची, बारीक मुळांसकट दोन मुठी माती वरच्या चार इंचांत मिसळा. भाजीच्या वाफ्यातली माती घेतलीत तर सूत्रकृमीही पाळाल. वर ज्वारीचे आठ-दहा दाणे पेरा. साडेतीन ते चार महिने नुसतं पाणी द्या, पानं फिकट पडली तर खूप पातळ केलेलं गोमूत्र एखाद्या वेळी. मग पाणी बंद. ताटं सुकली की कापा, आणखी दोन आठवडे तसंच राहू द्या. याच काळात बुरशी बीजाणू धरते. नंतर मुळं बारीक चिरून मातीत मिसळा, कापडी पिशवीत सावलीत ठेवा. रोप लावताना खड्ड्यात मुळांना टेकेल अशी अर्धी मूठ टाका. वरून पसरलेली वाया जाते.

बाहेरून माती आणायची असेल तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून किंवा खाडीतून आणू नका. दोन्ही संरक्षित आहेत, कांदळवनं तोडण्यावर तर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली. खाडीचा गाळ कुंडीच्या कामाचाही नाही. तिवराची मुळं हवा आत नेऊन स्वतःभोवतीचा गाळ जगण्याजोगा करतात. तिवराशिवाय तोच गाळ कुंडीत वाळला की त्यातल्या गंधकाचं आम्ल होतं.

मुंबईचं वेळापत्रक

पहिल्या सरींनंतर ताग किंवा चवळी. जुलैत माती दिवसेंदिवस चिंब राहिली तर प्राणवायू संपतो, गाठी तपकिरी पडतात, नायट्रोजन वायू होऊन उडतो आणि मातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून कुंड्या विटांवर चढवा, खालची भोकं काडीने मोकळी करा आणि बशा काढून टाका. त्यात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच. सतत ओल राहणाऱ्या कोपऱ्यात अळू लावा, त्याला ते मानवतं. कळ्या दिसताच ताग कापा. मुळं सुजलेली आढळली असतील तर सप्टेंबर ते नोव्हेंबर झेंडू, नसतील तर थेट टोमॅटो-वांगी. पालेभाज्या डिसेंबर-जानेवारीत, एकच फेरी. फेब्रुवारीपासून मका किंवा ज्वारी, आणि एप्रिल-मेत कुंडी कधीच उघडी नको. गच्चीवरची काळी प्लास्टिकची कुंडी तापली की वरच्या थरातले जीव आधी मरतात. भोवती ओलं गोणपाट, वर दोन इंच सुका पाला.

सोसायटीच्या झाडांखाली वेगळा हिशेब. सुरूचं मूळ फ्रँकिया नावाच्या जिवाणूंबरोबर नायट्रोजन बांधतं, पण त्याचा काड्यांसारखा पाला कुजायला फार वेळ घेतो. गिरिपुष्पाचा काही आठवड्यांत विरघळतो. रेन ट्री, आंबा, गिरिपुष्प असा मिश्र पाला बुंध्यापासून वीतभर सोडून दोन इंच थरात राहू द्या. रोज झाडून नेला तर खालची माती उपाशी राहते. डासांची भीती पाल्याची नाही, त्यात अडकलेल्या प्लास्टिकच्या पेल्यांची आणि करवंट्यांची. ते उचला.

फरक पडला का, ते मोजा

वरवरच्या जीवांसाठी बाटलीचं नरसाळं. ही पद्धत इटलीच्या अंतोनियो बर्लेसे यांची, १९०५ मधली. त्यावर दिवा बसवायची सुधारणा स्वीडनच्या आल्बेर्ट टुलग्रेन यांनी केली. दोन लिटरची बाटली मधून कापा, तोंडाकडचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा, आत कांद्याच्या पिशवीची दुहेरी जाळी. वर वरच्या दोन इंचांतली, पाल्यासकट तीन मुठी माती न चुरता ठेवा. खाली ओला टिश्यू. १५ सेंटिमीटरवर २५ वॉटचा पिवळा बल्ब लावा, एलईडी पुरेसा तापत नाही. बल्ब फार जवळ आणला तर जीव खाली उतरण्याआधीच वाळून मरतात. तीन ते पाच दिवसांत खाली पांढरट, टुणकन उडणारे स्प्रिंगटेल, तपकिरी चकचकीत संथ ठिपक्यांसारखे माइट आणि त्यांच्यावर धावून जाणारे फिकट शिकारी माइट दिसतील. आकड्याला एकटा अर्थ नाही. एकाच दिवशी, सारख्याच ओलीच्या दोन कुंड्यांची तुलना करा.

मातीच्या आतल्या अदृश्य जगासाठी रोपालाच साक्षीला उभं करा. सगळ्या कुंड्यांत एकच नवं मिश्रण भरा आणि प्रत्येकीत नऊ भागांना एक भाग जुनी माती मिसळा: तीन कुंड्यांत चवळीखालची, तीनांत झेंडूखालची, तीनांत माठाखालची. जुनी माती इतकी थोडी असते की खताचा फरक नगण्य राहतो. प्रत्येक प्रकाराच्या आणखी तीन कुंड्यांत तीच माती फडक्यात बांधून जुन्या कुकरमध्ये तासभर वाफवून घाला. तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला नको. सगळीकडे भेंडीचं एकच बी, एकाच दिवशी. दर आठवड्याला कुंड्यांच्या जागा बदला, नाहीतर मोजाल ते ऊन. सहा आठवड्यांनी रोपं मातीलगत कापून कडक वाळवा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. वाफवलेल्या मातीत रोप जास्त भरलं तर त्या पिकामागे रोगकारक मंडळी उरली आहे. न वाफवलेल्या मातीत जास्त भरलं तर ती माती जपून ठेवा, नव्या कुंड्यांना विरजण म्हणून तीच वापरा. दोन्ही सारखी निघाली तर बहुधा दोन महिने त्या पिकाला कमी पडले. तेच पीक आणखी एक फेरी घ्या आणि मगच परत तोला.